वाचकांचे प्रश्न : खेळ आपल्या घरी, किल्ली कंपनीकडे

संगणकावरील खेळांच्या किमतींविषयी मागील अंकात लिहिले, त्यानंतर आलेल्या पत्रांत किमतीपेक्षा वेगळ्याच तक्रारीची पत्रे जास्त निघाली. पैसे मोजून घेतलेला खेळ सुरू करायला दर वेळी इंटरनेट, खाते आणि लॉगिन का लागते, हा त्या सर्वांचा मूळ प्रश्न आहे. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील डोंगरातल्या एका गावी शिक्षक आहे. मुलीला दहावीत चांगले गुण मिळाले म्हणून तिच्यासाठी मोटारींच्या शर्यतीच्या खेळाचा डबा शहरातून आणला. डिस्क घातल्यावर प्रथम खाते उघडायला सांगितले, मग उरलेला खेळ नेटवरून उतरवायला लावला. आमच्याकडे रेंज फक्त गच्चीच्या एका कोपऱ्यात येते. दोन रात्री मोबाइल कठड्यावर ठेवून हॉटस्पॉटवर तो उतरवला. आता खेळ चालतो, पण रेंज गेली की शर्यत अर्ध्यावर सोडून पहिल्या पानावर परत येतो. मुलगी एकटीच खेळते, तिच्यासमोर दुसरा खेळाडू नसतो. मग नेट कशाला लागते?

उत्तर : सर, आपला प्रश्न अगदी रास्त आहे. मुलगी एकटी खेळत असताना मोटारीचा वेग, वळण, टक्कर हे सगळे आपल्या घरातल्या संगणकावरच मोजले जाते. नेट लागते ते ही प्रत विकत घेतलेल्या खात्याचीच आहे ना, याची कंपनीला खात्री करून घेता यावी म्हणून. खेळ सुरू होताना आपला संगणक कंपनीच्या सर्व्हरकडे खात्याची ओळख पाठवतो आणि सर्व्हर एक डिजिटल परवाना परत धाडतो. काही खेळ हा परवाना एकदाच घेतात आणि संगणकात जपून ठेवतात. काही दर वेळी सुरू होताना मागतात. आणि काही खेळ चालू असतानाही मिनिटामिनिटाला सर्व्हरची चाहूल घेत राहतात. आपल्या पदरी हा तिसरा, सर्वांत जाचक प्रकार आलेला दिसतो.

ही पद्धत रुजली त्याला आता वीस वर्षे होऊन गेली. व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने सप्टेंबर 2003 मध्ये स्टीम ही खेळ नेटवरून पुरवणारी सेवा सुरू केली आणि नोव्हेंबर 2004 मध्ये ‘हाफ-लाइफ 2’ हा खेळ आणताना दुकानातून डबा घेणाऱ्यालाही स्टीमवर खाते उघडून तो चालू करून घेण्याची सक्ती केली. पहिल्याच दिवशी सर्व्हरवर इतका भार आला, की डबा हातात असलेले असंख्य लोक ताटकळत बसले. त्याआधी खेळ म्हणजे एक वस्तू होती. डिस्क मित्राला देता येत असे, जुनी झाली की विकता येत असे. खेळ खात्याला बांधल्यावर नक्कल करणे अवघड झाले हे खरे, पण जुना खेळ दुसऱ्याला विकण्याचा मार्गही त्याबरोबर बंद झाला, आणि माझ्या मते कंपन्यांना हा दुसरा परिणाम पहिल्याइतकाच सोयीचा होता.

पायरसीचे कारण मी झटकून टाकत नाही. आपल्याकडे पायरेटेड डिस्क राजरोस विकल्या जात होत्या आणि खेळ घडवणाऱ्यांच्या कष्टाचे पैसे बुडत होते. प्रश्न एवढाच आहे, की चोराला अडवण्यासाठी बसवलेल्या या कुलपाचा त्रास कोणाला होतो. युबिसॉफ्ट कंपनीने 2010 मध्ये ‘असॅसिन्स क्रीड 2’च्या संगणकावरील आवृत्तीला अखंड जोडणीची अट घातली. जोडणी तुटली की खेळ जागच्या जागी थांबत असे. त्याच मार्च महिन्यात कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला झाला, आणि पूर्ण किंमत मोजलेले ग्राहक काही तास एकट्याने खेळायच्या खेळालाही मुकले. ज्याने कुलूप तोडलेली प्रत मिळवली, त्याला सर्व्हरची गरजच नसते. म्हणजे अशा वेळी खोळंबा होतो तो फक्त प्रामाणिक गिऱ्हाइकाचा. कंपनीने पुढे 2012 मध्ये ही अट सोडून दिल्याचे सांगितले.

याहून बोलका दाखला ‘सिमसिटी’चा आहे. शहर वसवण्याचा हा खेळ मार्च 2013 मध्ये आला तो सतत ऑनलाइन राहण्याच्या अटीसह. सर्व्हर कोलमडले, लोकांना रांगेत थांबावे लागले, अ‍ॅमेझॉनने काही काळ त्याच्या डाउनलोड प्रतीची विक्री थांबवली, आणि प्रकाशक ईए कंपनीला भरपाई म्हणून ग्राहकांना दुसरा एक खेळ मोफत द्यावा लागला. शहराच्या हिशेबाचा मोठा भाग आमच्या सर्व्हरवर होतो, म्हणून नेटशिवाय हा खेळ शक्य नाही, असे तेव्हा सांगण्यात आले होते. थोड्याच दिवसांत जाणकार खेळाडूंनी जोडणी तोडूनही शहर चालते हे दाखवून दिले, आणि बरोबर एका वर्षाने, मार्च 2014 मध्ये, कंपनीनेच नेटशिवाय खेळण्याची सोय दिली. जे अशक्य म्हटले होते ते शक्य होते. तशी इच्छा नव्हती, इतकेच.

आपल्यासाठी सांगण्यासारखे हे, की प्रथम त्या खेळाच्या सेटिंगमध्ये ऑफलाइन खेळण्याचा पर्याय आहे का ते पाहा, कारण काही खेळांत तो असतो पण आडबाजूला ठेवलेला असतो. तो नसेल, तर डब्यावरची बारीक अक्षरे भिंगाखाली वाचा. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका खेळाचा डबा आणला होता. उघडला तर आत डिस्क ठेवण्याची गोल खाच रिकामी, आणि तिच्यात घडी घातलेल्या कागदावर पंचवीस अक्षरांचा कोड. नेटची अट मागच्या बाजूला, बारकोडच्या खाली, तांदळाच्या दाण्याएवढ्या अक्षरांत छापलेली होती. आपल्या डब्यावर ही अट नसेल किंवा सहज वाचता येणार नाही अशी असेल, तर बिल आणि डब्याची छायाचित्रे घेऊन प्रथम दुकानदाराकडे आणि तेथे दाद न लागल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. अट लपवून वस्तू विकणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येणारी तक्रार आहे.

प्रश्न : मी रत्नागिरीचा आहे आणि मर्चंट नेव्हीत इंजिन विभागात काम करतो. सहा-सहा महिने बोटीवर असतो. उपग्रहाचे इंटरनेट मोजून मिळते, ते घरी बोलण्यात संपते. मागच्या खेपेस लॅपटॉपवर अकरा खेळ घेऊन गेलो, त्यांतले चारच चालले. या वेळी काय करावे?

उत्तर : आपण घर सोडण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, तर निदान आठवडाभर आधी तयारीला लागावे. खेळ स्टीमवरचे असतील तर नेट चालू असताना लॉगिन करा, लॉगिन लक्षात ठेवण्याच्या चौकटीत खूण करा, प्रत्येक खेळाचे अपडेट पूर्ण होऊ द्या आणि प्रत्येक खेळ एकदा सुरू करून दोन-चार मिनिटे खेळा. ही पायरी बहुतेकांची राहून जाते. पुष्कळ खेळ पहिल्यांदा सुरू होतानाच आपला परवाना आणि लागणाऱ्या इतर फाइली घेतात. नुसता उतरवून ठेवलेला खेळ समुद्रावर गेल्यावर हटून बसतो, तो यामुळे. त्यानंतर स्टीमच्या मेन्यूतून ‘गो ऑफलाइन’ निवडा.

मग खरी परीक्षा घ्या. घरातले वायफाय बंद करा, मोबाइलचा हॉटस्पॉट बंद करा, लॅपटॉप पूर्ण बंद करून पुन्हा लावा आणि अकराच्या अकरा खेळ एकामागून एक सुरू करून बघा. जो आता रुसेल तो भर समुद्रातही रुसणार. बोटीवर गेल्यावर बंदराचे वायफाय मिळाले, तरी स्टीमला ऑनलाइन आणण्याचा मोह टाळा, कारण अर्धवट उतरलेले अपडेट चालू असलेल्या खेळालाही अडकवून ठेवते.

काही खेळ स्टीमवर घेतलेले असूनही सुरू होताना प्रकाशकाचे वेगळे खाते मागतात, म्हणजे एका दारातून आत गेल्यावर दुसरे दार लागते. खेळाच्या विक्रीपानावर उजव्या बाजूला तशी सूचना असते. डेन्युव्होसारखी नक्कल रोखणारी संरक्षणप्रणाली लावलेली असेल तर तेही तेथेच लिहिलेले असते. डेन्युव्हो असलेला खेळ अजिबात नेऊ नका असे मी म्हणणार नाही, मात्र संगणकात किंवा खेळात काही बदल झाला की तो नव्याने परवाना मागू शकतो, हे ध्यानात ठेवा.

पुढच्या खरेदीसाठी मात्र माझा स्पष्ट सल्ला आहे, की आपल्यासारख्याने शक्य तेथे जीओजी या दुकानातून खेळ घ्यावेत. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट समूहाने 2008 मध्ये सुरू केलेल्या या दुकानात एकट्याने खेळायच्या खेळांना कुलूप नसते. संपूर्ण इन्स्टॉलर उतरवून हार्ड डिस्कवर ठेवता येतो आणि तो चालवायला ना खाते लागते ना नेट. जुनेच खेळ मिळतात अशी समजूत आहे, ती बरोबर नाही. ‘द विचर 3’, ‘सायबरपंक 2077’ आणि ‘बाल्डर्स गेट 3’ हे तेथे मिळतात. शेवटच्या खेळाला 150 जीबी जागा लागते, तेव्हा एक टीबीची बाहेरची डिस्क सोबत असू द्या. तेथेही ग्राहकांनी लक्ष ठेवलेले आहे: ‘हिटमॅन’ मालिकेतील एक खेळ 2021 मध्ये तेथे विकायला आला, पण त्याचा बराच भाग नेटशिवाय उघडत नाही असा आक्षेप खेळाडूंनी जोरात घेतला आणि काही दिवसांतच दुकानाने तो काढून टाकला.

प्रश्न : मी पुण्यात अभियांत्रिकी शिकतो. मी विकत घेतलेल्या एका खेळाचे सर्व्हर कंपनीने बंद केले आणि आता तो खेळ उघडतच नाही. हे कायदेशीर आहे का? पैसे परत मिळतील का?

उत्तर : कंपनीचे नाव आणि खरेदीची तारीख कळवली नसल्यामुळे तुमच्या पैशांविषयी निश्चित सांगता येत नाही, पण हा प्रश्न आज जगभर पेटलेला आहे आणि त्याची हकीकत तुम्हाला उपयोगी पडेल.

‘द क्रू’ हा मोटारींचा खेळ युबिसॉफ्टने डिसेंबर 2014 मध्ये आणला. अमेरिकेचा छोटा नकाशा, त्यावरून किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत गाडी हाकायची, एकट्यानेही खेळता येईल अशी मोहीम. तरीही तो सर्व्हरशिवाय सुरू होत नसे. डिसेंबर 2023 मध्ये त्याची विक्री थांबली, मार्च 2024 च्या अखेरीस सर्व्हर बंद झाले आणि त्यानंतर पुष्कळांच्या खात्यातून परवानाच काढून घेण्यात आला. दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या पुस्तकाची पाने प्रकाशकाने रात्रीतून कोरी करावीत, तसे हे झाले. रॉस स्कॉट या अमेरिकन यूट्यूबकाराने त्याच एप्रिलमध्ये ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभारली. तिची मागणी समजून घेण्यासारखी आहे, कारण तिचा विपर्यास फार होतो. कंपनीने सर्व्हर कायम चालवावेत असे मोहीम म्हणत नाही. सर्व्हर बंद करताना खेळ चालू राहील अशा स्थितीत सोडावा, म्हणजे शेवटचा एक पॅच (खेळात बदल करणारी छोटी फाइल) देऊन तो नेटशिवाय चालेल असे करावे किंवा खेळाडूंना स्वतःचे सर्व्हर चालवू द्यावेत, एवढेच तिचे म्हणणे आहे. युरोपीय संघाच्या नागरिक उपक्रमासाठी, म्हणजे सह्या गोळा करून संघाकडे कायद्याची मागणी करण्याच्या सोयीसाठी, लागणाऱ्या दहा लाख सह्यांचा टप्पा तिने जुलै 2025 मध्ये ओलांडला.

ही मागणी अव्यवहार्य आहे, असे कंपन्या सांगतात. नव्या खेळांबाबत, जेथे शेकडो खेळाडू एकाच मैदानात उतरतात आणि जगाची सगळी अवस्था सर्व्हरवरच राहते, त्या म्हणण्यात तथ्य आहे. तो सर्व्हर उचलून ग्राहकाच्या घरी देणे सोपे नाही. पण ‘द क्रू’ची ओरड झाल्यावर युबिसॉफ्टनेच सप्टेंबर 2024 मध्ये ‘द क्रू 2’ला ऑफलाइन खेळण्याची सोय देण्याचे जाहीर केले. त्यामुळे ‘जमत नाही’ हे उत्तर ऐकले, की मला ‘सिमसिटी’ आठवते.

कायद्याचे म्हणाल, तर ‘विकत घ्या’ असे बटण दाबूनही तुम्हाला मिळतो तो वापराचा परवाना, आणि तो केव्हाही संपवण्याचा हक्क कंपनीने करारात राखून ठेवलेला असतो. कॅलिफोर्निया राज्याने 2024 मध्ये कायदा करून 1 जानेवारी 2025 पासून हे ग्राहकाला स्पष्ट शब्दांत सांगणे बंधनकारक केले. स्टीमने तर त्याआधीच, ऑक्टोबर 2024 मध्ये, पैसे भरण्याच्या पानावर तशी ओळ टाकली. आपल्याकडे असा नेमका नियम नाही. मात्र 2020 चे ई-कॉमर्स नियम भारतातील ग्राहकांना पद्धतशीरपणे माल वा सेवा विकणाऱ्या परदेशी विक्रेत्यांनाही लागू होतात, आणि 2019 च्या कायद्यात अन्याय्य कराराची संकल्पना आलेली आहे. खरेदीनंतर थोड्याच काळात सेवा बंद झाली असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. विक्रीपानाची प्रत, बिल आणि बंद होण्याची सूचना जपून ठेवा. सोनीने ‘कॉनकॉर्ड’ हा खेळ 23 ऑगस्ट 2024 रोजी आणून दोन आठवड्यांत, 6 सप्टेंबरला, बंद केला तेव्हा ग्राहकांचे पैसे परत केले होते. तेव्हा परतावा ही कंपन्यांना न जमणारी गोष्ट नाही. दहा वर्षांनी बंद झालेल्या खेळाचे पैसे मात्र मिळणे कठीण आहे, आणि तुम्हाला खोटी आशा दाखवावी असे मला वाटत नाही.

प्रश्न : ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा आला आहे ना? मग नेट लागणारे हे खेळ आता बेकायदा ठरतात का? (एक पालक, नागपूर)

उत्तर : नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संमत झालेला केंद्राचा कायदा पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना बंदी घालतो. किंमत मोजून घेतलेला, पैज नसलेला खेळ त्या बंदीत येत नाही, मग तो सुरू करायला नेट लागो वा न लागो.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ गेल्या वर्षी अपघातात गेला. तो तासन्‌तास संगणकावर शहरे वसवण्याचा खेळ खेळायचा. त्याचा संगणक तसाच ठेवला आहे. त्याचे खाते माझ्या नावावर करून घेता येईल का? त्याने वसवलेले शहर मला अधूनमधून उघडून बघावेसे वाटते. (ठाणे)

उत्तर : ताई, आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य वाचून मी बराच वेळ थांबलो. नियम आधी सांगतो, कारण तो कटू आहे. स्टीमसारख्या सेवांच्या करारानुसार खाते दुसऱ्याच्या नावावर होत नाही, मृत्युपत्राने सुद्धा नाही. घर, गाडी, पुस्तके वारसाला मिळतात. शेकडो खेळांचे कपाट मात्र माणसाबरोबर संपते. हा नियम बदलायला हवा असे माझे ठाम मत आहे. आपल्या कामी येईल ते मात्र वेगळे आहे, आणि ते लवकर करायला हवे.

तो संगणक चालू करताना घाई करू नका. प्रथम नेटची केबल काढा किंवा राउटर बंद ठेवा. खात्यातून लॉगआउट करू नका, विंडोज नव्याने टाकू नका आणि दुरुस्तीला देण्याआधी पुढचे काम झालेच पाहिजे. शहराची नोंद ‘सेव्ह’ फाइलमध्ये असते. ती बहुधा ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरात खेळाच्या नावाखाली किंवा ‘अ‍ॅपडेटा’ या लपवलेल्या फोल्डरात सापडते. काही खेळ ती स्टीमच्या ‘यूजरडेटा’ फोल्डरात ठेवतात. हे तिन्ही फोल्डर आणि खेळाचा मूळ फोल्डर एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या, आणि त्या डिस्कची आणखी एक प्रत करा. संगणकावर विंडोज 7 असेल तर विशेष जपा, कारण स्टीमने 1 जानेवारी 2024 पासून त्याला साथ देणे थांबवले आहे आणि नेट जोडल्यावर झालेल्या अपडेटनंतर ते उघडेनासे होऊ शकते.

त्यानंतर नेट बंद ठेवूनच खेळ उघडून पाहा. उघडला, तर शहर पूर्ण दिसेल अशी चित्रे आणि फिरते चित्रीकरण करून ठेवा. न उघडल्यासही खचून जाऊ नका. तोच खेळ, त्याच आवृत्तीचा, आपण आपल्या स्वतःच्या खात्यावर घेऊ शकता आणि त्याच्या सेव्ह फोल्डरात भावाची फाइल ठेवू शकता. शहराची नोंद संगणकावरच ठेवणाऱ्या बहुतेक खेळांत ती फाइल खाते कोणाचे हे न बघता उघडते. भावाने खेळात वरून जोडलेल्या काही गोष्टी असतील तर त्यांचीही यादी लागेल, नाही तर काही इमारती गायब दिसतील. ती यादी सहसा खेळाच्या ‘मॉड्स’ फोल्डरात असते.

खेळाचे नाव मला कळवा. त्याची सेव्ह फाइल नेमकी कोठे असते हे शोधून मी आपल्याला पत्राने लिहीन, पुढच्या अंकाची वाट पाहायला लावणार नाही.